जमिनीतली चुनखडी संत्र्याला नको, मग खोडाला चुना का?

प्रश्न (बागायतदार, काटोल)

नमस्कार. नवीन वावरात संत्र्याची कलमे लावण्यापूर्वी माती तपासून घेतली, तेव्हा मुक्त चुनखडी १२ टक्के निघाली आणि तिथे संत्रा लावू नये, असा सल्ला मिळाला. पावसाळ्याच्या तोंडावर खोडांना मोरचूद (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट) आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावा, असे मात्र सगळेच सांगतात. जो चुना मुळांना बाधतो, तो खोडाला कसा चालतो? शिवाय नागपूरच्या बाजारातून आणलेला कळीचा चुना पाणी घातल्यावर तापलाच नाही. तो वापरावा का? गडचांदूरकडे सिमेंटसाठी जाते ती हीच चुनखडी का?

उत्तर १ (रसायनशास्त्राचे शिक्षक, नागपूर)

मूळ दगड एकच असला, तरी त्याच्या अवस्था वेगळ्या आहेत. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ती सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि शुद्ध चुनखडीच्या १०० किलोंमागे ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्याच्यावर पाणी घातले की तो उकळल्यासारखा फसफसतो, वाफा सोडतो आणि विरतो. हाच विरलेला चुना भिंतीला लावला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीच होतो आणि टणक बनतो.

आपला चुना तापला नाही, याचा अर्थ तो उघड्या पोत्यात ओलावा खाऊन आधीच विरला आहे आणि बहुधा त्यातला बराच भाग पुन्हा कार्बोनेट झाला आहे. असा चुना मोरचुदाची आम्लता पुरती मारत नाही आणि सुटे तांबे साल जाळते. पेस्टसाठी तो वापरू नये. चांगले ढेकूळ आणून १ किलो चुना ५ लिटर पाण्यात विरवावा, १ किलो मोरचूद दुसऱ्या ५ लिटर पाण्यात विरघळवावे आणि दोन्ही एकदमच तिसऱ्या, प्लास्टिकच्या भांड्यात ओतावीत. मग चकचकीत सुरीचे पाते त्यात थोडा वेळ बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे. आणखी चुन्याची निवळी घालावी. चुना विरवताना डोळ्यांना चष्मा हवाच, इथे हयगय करू नये.

उत्तर २ (निवृत्त अभियंता, चंद्रपूर)

होय, गडचांदूर-आवारपूर पट्ट्यातली सिमेंटची चुनखडी रासायनिकदृष्ट्या तीच आहे. चिकणमातीसारख्या घटकांसह ती सुमारे १४५० अंशांना भाजली की क्लिंकर (भाजलेले कडक गोळे) होतो आणि त्यात जिप्सम मिसळून दळले की सिमेंट. एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी लागते, म्हणूनच कारखाने खाणीला चिकटून उभे राहतात. दगडाची वाहतूक परवडत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याला नंदिनीच्या खाणीतून चुनखडी जाते, ती झोतभट्टीत सिलिकासारखी अशुद्धी बांधून धातुमळीच्या (स्लॅगच्या) रूपाने वेगळी काढण्यासाठी. साखर कारखान्यांत उसाचा रस निवळायलाही चुनाच वापरतात.

उत्तर ३ (कृषी पदवीधर, नरखेड)

आता मूळ शंकेबद्दल. मातीतली चुनखडी सामू (pH, आम्ल-विम्लतेचे माप) ८ च्या वर नेऊन ठेवते आणि त्या सामूला लोह व जस्त मातीत असूनही मुळांना उचलता येत नाहीत, म्हणून कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खोडावरच्या पेस्टमध्ये चुन्याचे काम वेगळे असते: तो मोरचुदाची दाहकता घालवतो आणि तांबे सालीवर धरून ठेवतो, जेणेकरून डिंक्याची (सालीतून डिंक गळण्याच्या रोगाची) बुरशी आत शिरत नाही. जमिनीपासून तीन फुटांपर्यंतच्या लेपातला चुना मातीतल्या चुनखडीच्या मानाने नगण्य असतो.

आपल्या वावराबद्दल माझे मत स्पष्ट आहे: १० टक्क्यांच्या वर मुक्त चुनखडी असेल, तर संत्रा नको. तरीही निर्णयाआधी तीन फूट खोल खड्डा घेऊन थरवार नमुने तपासावेत, कारण आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे बहुधा खालच्या थरात साचतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले आणि माती जोरात फसफसली, की तिथे थांबावे. वावराचा एखादा भाग मर्यादेत निघाला, तर तिथे जंबेरी लिंबाऐवजी रंगपूर लिंबाच्या खुंटावरची (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात, त्यावरची) कलमे घ्यावीत; चुनखडीत ती अधिक तग धरतात.