प्रतिसाद: पाइप चपटा का होतो

गॅसच्या ज्योतीवर धरलेला पीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाइप वाकवताना चपटा झाला आणि त्यावर तपकिरी डाग पडले, असं का, असा प्रश्न आलाय. दोन्हींचं मूळ एकच: बाहेरून करपला, आतून कडकच राहिला.

पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागतं. वाकवायला ११०-१३० पुरे. तपकिरी डाग म्हणजे प्लास्टिकचं विघटन सुरू, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो. म्हणून ज्योत नको, हीटगन (गरम हवा फेकणारं हत्यार) घ्या, तीही उघड्यावर.

चपटा होऊ नये म्हणून आधी पाइपात कोरडी वाळू ठोकून ठोकून गच्च भरा, तोंडं टेपने बंद. ओलसर वाळूची वाफ होते आणि पाइप फुगतो. २५ मिमी पाइपला १२५ मिमी त्रिज्येचा काटकोन हवा तर वळणाची लांबी १२५ × १.५७ (π चा अर्धा), म्हणजे १९६ मिमी. तापवा मात्र २४० मिमी, सतत फिरवत. स्वतःच्या वजनाने लोंबायला लागला की तयार. हातमोजे घालून साच्यावर वाकवा, दोन-तीन अंश जास्तच (थोडा परत उघडतो), आणि ओल्या फडक्याने गार होईपर्यंत सोडू नका.

वळणाच्या बाहेरची भिंत पातळ होते, त्यामुळे दाबाच्या पाण्याला एल्बोच (तयार काटकोनी जोड) लावा.