नाशकात बसून बेसबॉल बघणं म्हणजे नुसती शायनिंग का?

गोदाकाठची
परवा घरी मिसळीचा बेत होता, सगळे जमलेले, आणि आमची तेरा वर्षांची लेक जेवतानाही मांडीवरचा ग्लव्ह खाली ठेवेना. तर दीर म्हणाले, "वहिनी, हे तुम्हीच घुसवलं तिच्या डोक्यात, नाशकात बसून बेसबॉल बघायचा म्हणजे नुसती शायनिंग." सगळे हसले, मी पण हसले, पण नंतर भांडी आवरताना राहून राहून राग येत होता म्हणून इथे विचारते.

माझं मत, नाही. खेळ आवडायला तो आपल्या गल्लीत जन्मावा लागत नाही, क्रिकेट तरी कुठे पंचवटीत जन्मलंय. २ नोव्हेंबर २०२५ चा रविवार सांगते. पहाटे साडेपाचला आम्ही मायलेकी चहा घेऊन मोबाईलसमोर, टोरंटोत वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या फायनलची, सातवी आणि शेवटची मॅच, लॉस एंजेलिसचे डॉजर्स आणि टोरंटोचे ब्लू जेज. डॉजर्सच्या ओहतानीचा बॉल तिसऱ्याच इनिंगला टोरंटोच्या बिशेटने असा हाणला की ३-० झालं. नवव्या म्हणजे एरवीच्या शेवटच्या इनिंगला डॉजर्स एका रनने मागे, दोनच आउट शिल्लक, आणि मिगेल रोहास, जो मोठे फटके मारणाऱ्यातला नाहीच, त्याने होमरन, म्हणजे आपल्या सिक्ससारखा भिंतीपलीकडचा फटका, मारून बरोबरी केली. मग टोरंटोची पाळी, तिन्ही बेस भरलेले, त्यांना एकच रन हवा, बॉल थेट भिंतीकडे उडाला आणि डॉजर्सचा नुकताच मैदानाच्या मधल्या भागात फिल्डिंगला आलेला पाहेस स्वतःच्याच माणसावर आदळला पण कॅच सोडला नाही. मॅच लांबली, अकराव्यात डॉजर्सच्या विल स्मिथचा होमरन, ५-४. आणि शेवटी बॉल टाकत होता कोण, तर आदल्याच दिवशी सहा इनिंग टाकलेला यामामोटो! दहा वाजत आले तरी घरात कोणाच्या आंघोळी नाहीत.

त्याच दिवशी रात्री हरमनप्रीतच्या पोरींनी डी. वाय. पाटीलवर वर्ल्ड कप जिंकला, त्यालाही आम्ही दोघी तेवढ्याच ओरडलो. एक आवडलं म्हणून दुसरं नावडतं होत नाही हो.

दुसरं एक खुपतं. लेक खेळते म्हटलं की पहिला प्रश्न, "सर्टिफिकेट मिळतं का?" मजा येते का हे कोणीच विचारत नाही.

तर्रीबाज
ताई राग मानू नका पण दीर बरोबर बोलले. एवढा मोठा ग्लव्ह घालून कॅच कोणी पण घेईल, आमच्या गोल्फ क्लब ग्राउंडवर या, टेनिस बॉल क्रिकेटमध्ये पोरं नुसत्या हाताने काय काय पकडतात बघा. आणि एकेक टीम सीझनला १६२ मॅच खेळते भो! एक हरली काय, दहा हरल्या काय, उद्या परत आहेच. तीन तास बसायचं आणि स्कोर काय तर २-१.

अंबडकर_नाईटशिफ्ट
तीन तास नाही आता. २०२३ पासून पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, घड्याळ लावलंय, बेस रिकामे असतील तर १५ सेकंदात बॉल टाकायचाच, नाहीतर आपल्या वाइडसारखा फुकटचा बॉल मोजतात. मी शिफ्टवरून येतो सकाळी पावणेआठला आणि लॉस एंजेलिसची मॅच तेव्हाच सुरू होते, उन्हाळ्यात तर रोजच. मला कोणाला शायनिंग दाखवायचीय तिथे, बायको पण झोपलेली असते 😄

ग्लव्हचं म्हणशील तर आधी बॅटिंग बघ, पिचर ते होम प्लेट (जिथे बॅट्समन उभा असतो) साडेसाठ फूट, आपलं पिच सहासष्ट. त्यात बॉल टप्पा न घेता दीडशेच्या स्पीडने येतो आणि बॅट गोल. बॅट्समन दहापैकी तीनदा यशस्वी झाला तरी त्याला भारी म्हणतात. शिवाय क्रिकेटमध्ये बॉल मारून उभं राहिलं तरी चालतं, इथे बॉल आत पडला की पळावंच लागतं. कर विचार.

तर्रीबाज
दहात सात वेळा नापास आणि भारी? आमच्या घरी बाबांनी पट्टा काढला असता.

जुनापिचर
आधी एक दुरुस्ती. ताई, लेकीच्या हातातला बॉल मोठा आणि पिवळा असेल, आणि पिचर खालून हात फिरवून टाकत असेल तर तो सॉफ्टबॉल. शाळांमध्ये मुली बहुतेक तोच खेळतात. दोन बेसमधलं अंतर पण कमी, ६० फूट, बेसबॉलला ९०. नाव नीट घ्या, दोन्ही खेळांना बरं वाटतं.

आता मुद्दा. मी दोन्ही खेळलोय, आणि सर्टिफिकेटला नाक मुरडलेलं मला सहन होत नाही. माझे वडील सिडकोत भाड्याच्या खोलीत राहून तिघांना शिकवत होते. आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांनी सॉफ्टबॉल धरला तो सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे म्हणूनच, क्रिकेटमध्ये गर्दी एवढी की टीममध्ये नाव लागेपर्यंत वय निघून जातं. माझी नोकरी त्याच कागदावर लागली. मजा आली का? आली ना, भरपूर आली. पण घरून मैदानावर जायची परवानगी मजेसाठी मिळाली नव्हती. पहाटे चहा घेऊन वर्ल्ड सिरीज बघणाऱ्यांनी त्या पोरांना हिशोबी म्हणू नये एवढंच.

गोदाकाठची
@जुनापिचर हो, पिवळाच आहे 🙈 सॉफ्टबॉलच. आणि हिशोबी मी म्हटलं नाही, पण तुम्हाला तसं ऐकू आलं असेल तर माझं लिहिणं चुकलं. तरी थोडं मत राखून ठेवते. सर्टिफिकेटसाठी आलेल्या मुली डिस्ट्रिक्ट झालं की सोडून देतात, आमच्या टीममधल्या चार जणी गेल्या, आता नऊ भरत नाहीत. ज्यांना आवडतं त्यांचं पण मग बंद पडतं.

जुनापिचर
ते मात्र खरंय. नऊ भरणं हा कायमचा ताप.

पुठ्ठासम्राट
मला कोणीच विचारलं नाही पण सांगतो, मी खेळत पण नाही, मॅच पण फारशा बघत नाही, मी बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची कार्ड जमवतो. २०२२ मध्ये मिकी मँटल या जुन्या खेळाडूचं १९५२ चं, टॉप्स कंपनीचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, तेव्हाच्या भावाने साधारण १०० कोटी रुपये. आणि त्याच मालिकेतले न खपलेले गठ्ठे कंपनीने समुद्रात बुडवले होते म्हणतात! मजा म्हणजे तिथे स्टँडमध्ये आलेला बॉल प्रेक्षकाचा होतो. ओहतानीचा २०२४ चा पन्नासावा होमरन ज्याच्या हाती लागला त्याच्यावर कोर्टात केस झाली आणि बॉल विकला गेला जवळपास ४४ लाख डॉलरला. आपल्याकडे बॉल परत फेकावा लागतो. माझ्याकडे ओहतानीचं साधं कार्ड आहे, कार्डापेक्षा कुरियर आणि कस्टम महाग पडलं, बायकोला खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

कांदापोहे_लासलगाव
आमच्याकडे भाव पडला की ट्रॉली रस्त्यावर ओततात आणि तिकडे पुठ्ठ्याला १०० कोटी. धन्य आहे.

तर्रीबाज
कार्ड जमवा, काय पण करा, पण मूळ प्रश्नाचं काय? २००८ मध्ये तो रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, यूपीचे भालाफेकवाले, रिॲलिटी शोमधून उचलून पिट्सबर्गच्या बेसबॉल टीमने साइन केले. केवढा गाजावाजा. पुढे काय? मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, दोघांपैकी एकही नाही पोचला, रिंकू कुस्तीच्या शोमध्ये गेला. जिथे आपलं कोणी नाही तो खेळ आपला कसा?

चांदवडची_पाटी
@तर्रीबाज हाताशी उदाहरण असताना यूपीला कशाला जाता. दत्तू भोकनळ आमच्या तालुक्यातला, तळेगाव रोही. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणारं गाव. सैन्यात गेला, तिथे वल्हं हातात घेतलं आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये नाव चालवली. त्याच्या आधी रोइंग "आपलं" होतं का? आमच्या विहिरीत बादली तरळत नव्हती हो.

आणि २०२८ ला लॉस एंजेलिसला क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही ऑलिम्पिकमध्ये परत येतायत. तुमचं येतंय म्हणून पेढे वाटाल, मग शेजारच्या मैदानाकडे पण एक नजर टाका.

तर्रीबाज
दत्तूभाऊंचं नाव घेतलं की मी गप्प. पण बोटीवर तरी ग्लव्ह नसतो, हे मी बोलणारच.

अंबडकर_नाईटशिफ्ट
विकेटकीपर काय मेहंदी लावून उभा असतो का रे?

गोदाकाठची
😂 हे दिरांना फॉरवर्ड करतेय.

@जुनापिचर एक विचारायचं राहिलं, नवीन ग्लव्ह लाकडासारखा कडक आहे, मिटतच नाही, हातातून बॉल निसटतो. कोणीतरी तेल लावायला सांगितलं.

जुनापिचर
तेल लावा पण अगदी दोन बोटं, जास्त झालं की चामडं जड होतं. मग आत बॉल ठेवून नाडीने घट्ट बांधा आणि गादीखाली ठेवून त्यावर झोपायचं. सकाळी पंधरा-वीस मिनिटं भिंतीवर बॉल मारून पकडायला लावा, तेलापेक्षा त्यानेच लवकर मऊ होतो.

गोदाकाठची
दोन बोटं?! तिने काल अर्धी वाटी खोबरेल ओतलंय. गादीला वास येतोय.