मुलीचं नाव जुन्या वळणाचं ठेवायचंय: वेणा, सखू, कृष्णा, येसू की यमुना?

कृष्णाकाठची:
सांगलीत मुलगी झालीय, बारसं पुढच्या आठवड्यात आहे. नाव पणजीच्या पिढीतलं हवं, एवढ्यावर घरात एकमत आहे. यादीत वेणा, सखू, कृष्णा, येसू आणि यमुना. थोरल्यांचा आग्रह यमुनासाठी, कारण ते पणजेसासूबाईंचं नाव. भटजींनी मृग नक्षत्र, पहिलं चरण काढलंय. नावरसाचं, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून येणारं अक्षर पाळावंच लागतं का? दाखल्यावर 'बाई' लावावं का? आणि यातल्या कोणत्या नावाला पुढे कागदपत्रांत त्रास होईल? दवाखान्यातून जन्माची नोंद झालीय, नावाचा रकाना कोरा ठेवलाय.

जुनी वही:
मृगाच्या चार चरणांची अक्षरं वे, वो, का, की. पहिलं चरण असेल तर वेणा अगदी चपखल बसतं. पण आधी जन्मवेळ नीट तपासून घ्या. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे एक चरण जेमतेम सहा तासांचं. वेळ अंदाजाने सांगितली असेल तर चरण सरकतं आणि अक्षरही बदलतं. अक्षर पाळायलाच हवं असं मात्र नाही. नामकरणात कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहारातलं अशी चार नावं ठेवायची रीतच आहे. नावरसाचं नाव पत्रिकेत राहू द्या, हाकेचं मनासारखं ठेवा. हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला 'ण' येतो, तिथे तर सगळे हेच करतात.

आता एकेक नाव.

वेणा: तुमच्या भागाचंच नाव. समर्थ रामदासांच्या शिष्या वेणाबाई, त्यांचा मठ मिरजेत, समाधी सज्जनगडावर. अडचण एकच. रोमन लिपीत 'ण' नाही, त्यामुळे मराठी न येणारा माणूस 'वेना' वाचणार. म्हणून काही जण दोन 'एन' घालतात, पण मग ते वेण्णा होतं, म्हणजे माहुलीला कृष्णेला मिळणारी नदी. तेही नाव सुंदरच आहे, पण दोन्हींपैकी एक ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा.

कृष्णा: नदीचं नाव म्हणून मला यादीत सगळ्यात आवडलेलं. पण रोमनमध्ये कृष्ण आणि कृष्णा एकच दिसतात, आणि फॉर्म भरणारा 'पुरुष' वर खूण करून मोकळा होतो. हेच ठेवायचं ठरलं तर शेवटी दोन 'ए' द्या आणि प्रत्येक कागदावर लिंगाचा रकाना स्वतः तपासा. शिवाय 'के' नंतर 'आर-आय' की 'आर-यू' हेही आजच ठरवा. महाराष्ट्रात दोन्ही चालतात, म्हणूनच घोळ होतो.

सखू: कराडच्या संत सखूंचं नाव, हाकेला गोड. पण ते एवढंच दाखल्यावर घातलं तर लोक टोपणनाव समजून पूर्ण नाव विचारत राहतात. सखूबाई लिहिलं तर एकसंध वाटतं.

येसू: महाराणी येसूबाईंचं नाव असलं तरी नुसतं ऐकणारा 'येशू' ऐकतो. फोनवर तर हमखास.

आणि जुनं म्हणून सगळंच घेण्यासारखं नसतं. धोंडा, केरा ही नावं मुलं जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली. नकुशी तर मुलगी नको होती म्हणून. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त नकुशींची नावं प्रशासनाने समारंभ करून बदलली. नाव कुठून आलं हे विचारल्याशिवाय पणजीच्या पिढीतलं नाव उचलू नये.

दाखलेवाले:
कागदांपुरतं सांगतो. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती तुमची झालीय. नाव घालायला जन्मनोंदणीपासून १२ महिने असतात आणि तोवर शुल्क नाही. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. म्हणजे बारशाच्या घाईत रकाना भरायची गरज नाही. एकदा नाव चढलं की पुढे लेखनातली चूक दुरुस्त होते, पण पसंती बदलली म्हणून नाव बदलून मिळत नाही. त्याला राजपत्राचा रस्ता.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव राज्यात बाळ, आई, वडील, आडनाव असं लिहिलं जातं. चार शब्द झाले की भागीरथी किंवा गोदावरीसारखं नाव फॉर्मच्या चौकटींत दाटीवाटीने बसतं. यमुनाला रोमनमध्ये सहाच अक्षरं लागतात. 'बाई' वेगळा शब्द म्हणून लावू नका. एका कागदावर जोडून, दुसऱ्यावर तोडून, तिसऱ्यावर गायब असं होतं आणि मग आधार आणि शाळेचा दाखला जुळत नाही. अर्ज द्यायच्या आधी देवनागरी आणि रोमन दोन्ही एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि छापलेला दाखला हातात आल्यावर खिडकीसमोरच उभं राहून त्याच्याशी ताडून बघा. काना-मात्रेसकट.

वाळवेकर:
यमुनाबद्दल एक गोष्ट कुणी बोललं नाही. पणजेसासूबाईंचं नाव पणतसुनेला तोंडाने घ्यायला जड जातं, आणि 'यमे, इकडे ये' असं रागावता तर मुळीच येत नाही. आपल्याकडे अशा घरांत मुलीला माई, आक्का किंवा ताई म्हणतात आणि खरं नाव फक्त शाळेत उरतं. नाव वापरात राहावं असं वाटत असेल तर हे बारशाआधी थोरल्यांशी बोलून घ्या. त्या हयात असतील तर त्यांना स्वतःला विचारा. कित्येक घरांत जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत.

आणखी एक करून बघा: प्रत्येक नाव दारातून अंगणापर्यंत मोठ्याने हाक मारून. सखूची हाक लांब जाते. वेणाची हाक ओढली की 'वेणे' होते, ते कानाला चालतंय का बघा.

कृष्णाकाठची:
पणजेसासूबाई हयात नाहीत. 'यमे' कुणालाच नको आहे, हे आज सगळ्यांनी कबूल केलं. वेणा दाखल्यावर आणि यमुना फक्त पाळण्यात, असं चालेल का?

जुनी वही:
चालेल. आत्याला दोन्ही नावं आधी सांगून ठेवा. कानात पहिल्यांदा यमुना, मग वेणा. घुगऱ्या वाटताना मात्र सगळ्यांना वेणाच सांगा, नाहीतर अर्धं गाव एक नाव धरून बसेल आणि अर्धं दुसरं. रोमनमध्ये एक 'एन'.