शिवाजी विद्यापीठाची बीए, एलएसईचा अर्ज: आधी कशाला हात घालावा?

कृष्णाकाठ_सांगली:
नमस्कार मंडळी. बीए अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, पहिल्या चार सेमिस्टरची सरासरी ७४ टक्के. पुढच्या सप्टेंबरसाठी एलएसईला (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) एमएस्सी इकॉनॉमिक्स पहिली पसंती, डेव्हलपमेंट स्टडीज दुसरी, शिवाय ऑक्सफर्डला एक अर्ज, असा विचार आहे. एजंट म्हणतो, "एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं निवेदन, आम्ही लिहून देतो, बाकीचं होऊन जातं." खरंच तसं असतं का? आणि वडिलांची ठेव पतसंस्थेत आहे, ती ब्रिटनच्या व्हिसाला चालेल का?

अजिंक्यतारा:
पसंतीचा क्रम आधी बदला. एलएसईला एका अर्जात दोन कोर्स देता येतात, पण ते एकदम बघत नाहीत. पहिल्याला नकार आला की मग दुसरा हातात घेतात, आणि जागा आलेल्या क्रमाने भरत राहतात. इकॉनॉमिक्सला कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, इकॉनॉमेट्रिक्स पक्कं लागतं, वर भारतीय पदवीला जीआरई ही परीक्षा. नुसत्या बीएच्या गणितावर तिथे निभाव लागणं अवघड. तो नकार येईपर्यंत डेव्हलपमेंट स्टडीजच्या जागा भरत आलेल्या असतील. म्हणून डेव्हलपमेंटच पहिली ठेवा. ऑक्टोबरमध्ये प्रवेश खुले होतात, तेव्हाच अर्ज टाका. ऑक्सफर्डच्या बहुतेक कोर्सची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते.

एसओपी एजंटकडून नकोच. एलएसई हजार ते दीड हजार शब्दांत मागते. त्यात 'लहानपणापासून आवड' नको. कोणता प्रश्न अभ्यासायचाय आणि त्या कोर्समधले कोणते पेपर त्याला उपयोगी, ते हवं. आपल्या मार्कशीटवर 'पेपर क्र. ७' एवढंच असेल तर बाहेरच्याला काय कळणार? त्या पेपरात काय शिकलात ते एका ओळीत लिहा. मार्कशीट स्कॅन करताना मागची बाजूही घ्या, ग्रेडचा तक्ता बऱ्याचदा तिथेच छापलेला असतो.

रयतकर:
अर्ज खरा अडकतो तो शिफारसपत्रांवर. एलएसईला दोन, ऑक्सफर्डला साधारण तीन लागतात, आणि आली नाहीत तर एलएसई अर्ज बघायलाच घेत नाही. पत्र भरायची लिंक थेट सरांना ईमेलने जाते. बरेच प्राध्यापक जीमेल वापरतात, पण तिथे कॉलेजच्या डोमेनचाच पत्ता हवा असतो. सरांना असा पत्ता नसेल तर प्राचार्यांना अर्ज देऊन आत्ताच करून घ्या, दिवाळीच्या सुट्टीत कोणी भेटत नाही. सरांना सांगा, 'अत्यंत हुशार व मेहनती' नको. वर्गात किती मुलं, त्यांत तुमचा नंबर कितवा, प्रकल्पात नेमकं काय केलं, हे लिहा. मसुदा तुम्ही लिहून सरांनी नुसता चिकटवायचा, हा प्रकार करू नका. तिन्ही पत्रांची भाषा एकसारखी दिसली की लगेच संशय येतो.

हळदबाजार:
पैशांचं सांगतो. व्हिसाच्या नियमानुसार फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसावा लागतो. एक दिवस जरी रक्कम खाली आली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आत हवी. ज्या संस्थेत पैसे आहेत ती नियामकाच्या देखरेखीखाली, संगणकीय नोंदी ठेवणारी आणि व्हिसा अधिकाऱ्यांना पडताळता येणारी हवी. पतसंस्था सहकार खात्याकडे असते, रिझर्व्ह बँकेकडे नाही, म्हणून तो धोका नकोच. ठेव मोडून राष्ट्रीयीकृत बँकेत आणा. खातं वडिलांचं असेल तर तुमचा जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र जोडा. सातबारा, शेतीचं मूल्यांकन, उसाचं येणं बिल यांतलं काहीही धरत नाहीत. तुमच्या नावावर मंजूर शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची भानगडच नाही, फक्त बँकेचं पत्र सहा महिन्यांच्या आतलं पाहिजे.

कृष्णाकाठ_सांगली:
आभारी आहे. डेव्हलपमेंट पहिली करतो. ऑफर आली आणि शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लांबला तर?

अजिंक्यतारा:
ऑफर सशर्त येते, त्यात टक्केवारी आणि मुदत लिहिलेली असते. निकाल लांबणार असं दिसलं की मुदतीआधीच प्रवेश विभागाला कळवा, सोबत परीक्षा विभागाचं पत्र. निकाल लागला की कोल्हापूरला अधिकृत ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज त्याच आठवड्यात करा. अटी पूर्ण झाल्याशिवाय कॅस (विद्यापीठाकडून मिळणारी प्रवेशनिश्चिती) नाही, आणि कॅसशिवाय व्हिसाचा अर्ज भरता येत नाही.