टीव्हीखाली ठेवायला कमी विजेचा मीडिया पीसी + स्टोरेज सर्व्हर: काय घेऊ?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. हॉलमध्ये टीव्हीखाली एकच डबा ठेवायचाय. त्यानं सिनेमे-गाणी टीव्हीवर दाखवावीत आणि घरातले फोटो, कागदपत्रांची स्कॅन, आईबाबांच्या लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेलं चित्रण हेही सांभाळावं. सध्या हे सगळं जुन्या डेस्कटॉपवर आहे. प्लगच्या मीटरवर तो नुसता बसून ६० वॉट खातो, वर पंख्याची घरघर. एकूण साठा ३ टीबीच्या आसपास, त्यात घरचे फोटो-व्हिडिओ १ टीबीच्या आत. दिवसरात्र चालू राहणार. तयार नॅस (नेटवर्कवर जोडायचा स्टोरेजचा डबा) घ्यावा की स्वतः जुळवावा? लिनक्सशी ओळख आहे, पण दर रविवारी त्याच्याशी खेळत बसायची हौस नाही. बजेट डिस्क धरून ३० हजारांच्या आत. घरून एकच अट: टीव्हीच्याच रिमोटवर चाललं पाहिजे.

खटपट्या
आधी हिशेब. ६० वॉट वर्षभर म्हणजे ५२५ युनिट, महिन्याला ४४ च्या घरात. ही युनिटं बिलातल्या सर्वात वरच्या स्लॅबची धरा. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांनंतर चढतो, ३०० नंतर आणखी. १२ वॉटवर आलात तर वर्षाला १०५ युनिट.

प्रोसेसर इंटेल एन१०० घ्या. चार कोअर, ६ वॉटची चिप, २०२३ ची. आतल्या ग्राफिक्समध्ये १० बिट एचईव्हीसी आणि एव्ही१ हे व्हिडिओचे दोन्ही नवे फॉरमॅट हार्डवेअरवर उलगडतात, त्यामुळे ४के फाइल लावली तरी हूं की चूं नाही. पण बाजारातले एन१०० चे चपटे मिनी पीसी तुमच्या कामाचे नाहीत. त्यांत एक एम.२ (बोर्डावरच बसणारी चपटी एसएसडी) आणि फार तर २.५ इंची डिस्क बसते. ३.५ इंचीला १२ व्होल्ट लागतात, ते तिथे मिळत नाहीत. मग लोक यूएसबीवर डिस्क लटकवतात आणि मोलकरणीचा झाडू केबलला लागला की सर्व्हर बसतो. त्यापेक्षा एएसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स बोर्ड बघा: पंखा नाही, लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालतो, डिस्क जोडायला दोन साटा पोर्ट आणि एक एम.२.

एम.२ वर ऑपरेटिंग सिस्टिम आणि जेलीफिनचा (घरचे सिनेमे-गाणी टीव्हीला पुरवणारं मोफत सॉफ्टवेअर) डेटाबेस, पोस्टर वगैरे ठेवा. हे महत्त्वाचं. पोस्टर मोठ्या डिस्कवर राहिली तर कुणी नुसती यादी चाळली तरी डिस्क जागी होते. फिरणारी ३.५ इंची डिस्क एकटीच ५ ते ८ वॉट घेते, म्हणजे तुमच्या चिपएवढे. वीज वाचते ती डिस्क झोपवून, प्रोसेसरवर डोकं खाजवून नाही.

म्युनिकवासी
खटपट्यांना अनुमोदन. जर्मनीत वीज महाग, त्यामुळे इथली मंडळी एकेक वॉटासाठी भांडतात. दोन भर. पुढे जास्त साटा पोर्ट लागले तर जुनी सर्व्हरवाली एलएसआय कार्डं स्वस्त दिसतात म्हणून घेऊ नका, ती स्वतःच १० वॉटच्या आसपास खातात आणि प्रोसेसरला गाढ झोपेत जाऊ देत नाहीत. एएसएम११६६ चिपचं साधं कार्ड बरं. आणि ५०० वॉटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) लावू नका, १०-१५ वॉटच्या भारावर त्याची कार्यक्षमता घसरते.

लिनक्सवर पॉवरटॉप चालवून बघाच. कुठला घटक झोपू देत नाही ते त्यात दिसतं.

पडद्यामागे
रिमोटच्या अटीकडे कुणी बघितलंच नाही! इंटेलच्या एचडीएमआयवरून सीईसी जात नाही, म्हणजे टीव्हीच्या रिमोटची बटणं पीसीला कळतच नाहीत. सीईसीचा वेगळा यूएसबी अॅडॉप्टर लागतो. दुसरी गोष्ट, नेटफ्लिक्स-प्राइम लिनक्सच्या ब्राउझरमध्ये ४के देत नाहीत, त्यामुळे टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक किंवा टीव्हीतली अॅप्स राहणारच. मग पीसी टीव्हीला जोडायचाच कशाला? राउटरजवळ ठेवा, टीव्हीवर जेलीफिनचं अॅप टाका. तोच रिमोट, हॉलमध्ये आवाज शून्य.

अवांतर: बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. ४के ब्लू-रे १२८ पर्यंत जाऊ शकतो. तिथे केबलपेक्षा ५ गिगाहर्ट्झचं वायफाय सरस ठरतं, ऐकायला विचित्र वाटलं तरी.

गोदाकाठ
हे पटलं, टीव्हीखालचा हट्ट सोडला. दोन प्रश्न. रास्पबेरी पाय ५ (तो छोटा एका बोर्डाचा संगणक) का नको? आणि मराठी सबटायटल्सच्या जागी चौकोन येतात, त्याचं काय करायचं?

खटपट्या
पाय ५ मध्ये हार्डवेअर एन्कोडर नाही आणि एच.२६४ या जुन्या फॉरमॅटचा डीकोडरही काढलाय, फक्त एचईव्हीसीचा ठेवलाय. टीव्हीला एखादी फाइल जमली नाही तर ट्रान्सकोडिंगला (चालताचालता ती दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायला) पाय धापा टाकेल. साटा पोर्टही वेगळ्या हॅटने (पायवर बसवायच्या जादा कार्डाने) आणायचे. केस, अॅडॉप्टर धरून बेरीज केली की एन१०० च्याच जवळ पोचता.

चौकोनांचं: जेलीफिनच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये फॉलबॅक फॉन्ट चालू करा आणि त्या फोल्डरमध्ये नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट टाका. तरी अक्षरांचा कचरा दिसला तर सबटायटलची एसआरटी फाइल यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये जतन करा.

सरळसोट
आता माझं तिखट मत. रेडच्या (अनेक डिस्क जोडून एकीसारख्या चालवण्याच्या पद्धतीच्या) नादी लागू नका. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून एका क्षणात उडतं. शिवाय रेडमध्ये एक गाणं लावलं तरी सगळ्या डिस्क फिरतात, मग वरच्या वॉटांच्या गप्पा कशासाठी? एका डिस्कवर सगळं, दुसरीवर रात्री आरसिंकने फक्त घरच्या फोटो-व्हिडिओंची प्रत. तिसरी प्रत पोर्टेबल डिस्कवर, नातेवाइकांच्या घरी. सिनेमे गेले तर गेले, पुन्हा मिळतात. लग्नाची कॅसेट नाही मिळत.

खटपट्या
तीन-चार डिस्क झाल्या तर मर्जरएफएस (वेगळ्या डिस्क एकत्र दाखवतं) आणि स्नॅपरेड (एक डिस्क गेली तरी डेटा परत उभा करतं) बघा. ज्या डिस्कवर फाइल आहे तेवढीच फिरते. त्यासाठीचा हिशेब ठेवणारी पॅरिटी डिस्क मात्र सर्वात मोठ्या डिस्कएवढी हवी आणि रोज बदलणाऱ्या फाइलींना ते सोयीचं नाही. दोन डिस्कसाठी सरळसोट म्हणतात तेच करा. ओपनमीडियाव्हॉल्ट (नॅससाठीची तयार सिस्टिम) टाका, डेबियन लिनक्सवरच आहे, रविवार मोकळे राहतील. जेलीफिनसारख्याच प्लेक्समध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला पैसे पडतात, जेलीफिनमध्ये नाही.

लॅमिंग्टन_रोड
डिस्क विकत घेतल्याबरोबर स्मार्ट रीडिंग (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढा. आम्हाला एका दुकानातून 'सीलबंद नवी' म्हणून आलेल्या डिस्कचे पॉवर-ऑन तास हजारोंत निघाले. बिल आणि सिरियल नंबर जुळवून वॉरंटी कंपनीच्या साइटवर तपासा, मगच डेटा भरा.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. बोर्ड, १६ जीबी रॅम, एक एसएसडी आणि दोन ४ टीबी डिस्क असं ठरवतोय. इथे आठवड्यातून एकदा तरी वीज जाते. घराला इन्व्हर्टर आहे, तेवढा पुरे का?

म्युनिकवासी
आईकडे कराडला हेच केलंय. इन्व्हर्टरच्या मागे इको आणि यूपीएस असं बटण असतं, ते यूपीएसवर ठेवा. इकोमध्ये वीज बदलायला वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. पण बॅटरी संपत आली हे घरचा इन्व्हर्टर पीसीला सहसा सांगत नाही. यूएसबी पोर्ट असलेला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस मध्ये टाका आणि नट नावाचं सॉफ्टवेअर लावा, म्हणजे मशिन आपणहून नीट बंद होईल. घेताना पोर्ट आहे का ते डबा उघडून बघा, स्वस्तातल्या मॉडेलांना बहुतेक वेळा तो नसतो. आणि बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय लावून ठेवा.