आयबीएस: कांदा-लसूण कायमचा सोडायचा की परत खाऊन बघायचा?

रानवारा: आयबीएस, म्हणजे पोटदुखी, फुगारा आणि जुलाब-बद्धकोष्ठाचा जुनाट त्रास, म्हटलं की हल्ली पहिला सल्ला लो फॉडमॅपचा, म्हणजे पोटात आंबणाऱ्या शर्करा कमी करणाऱ्या आहाराचा. कांदा, लसूण, गहू, दूध, सफरचंद बंद. यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू त्यांना आंबवतात आणि पोट तट्ट फुगतं. इथवर मान्य. पण मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात हा आहार तयार झाला, तिथले तज्ज्ञच कडक पथ्य २ ते ६ आठवड्यांचं सांगतात. मग एकेक पदार्थ परत आणायचा. लोक मात्र यादी फ्रिजवर चिकटवून वर्षानुवर्षं तिथेच अडकतात. माझ्या मते हे शुद्ध अर्धवट काम आहे.

दुपारची झोप: तुमचं पोट दुखत नाही म्हणून बोलणं सोपं. मीटिंगला गेले की आधी स्वच्छतागृह कुठे ते बघून मी दाराजवळची खुर्ची धरायचे. यादी पाळली आणि ते थांबलं. आता सुखातला जीव दुःखात कशाला घालू? कांद्यावाचून माझं काही अडत नाही.

रानवारा: कांद्यावाचून नसेल अडत. पण कांदा-गव्हातले फ्रुक्टन (याच शर्करांचा एक प्रकार) हे आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरिया या उपयोगी जिवाणूंचं खाणं, आणि कडक पथ्यात त्यांची संख्या घटते. शिवाय यादीतलं सगळंच बाधतं असं क्वचित असतं. एखादीला दुधातलं लॅक्टोज, दुसरीला सफरचंदातलं सॉर्बिटॉल. बाकी जेवण तेच ठेवून ३ दिवस एकच पदार्थ खा, रोज थोडा वाढवत. दोन पदार्थ एकदम आणलेत तर दोष कुणाचा ते कळणार नाही. आणि लसणाची आठवण येत असेल तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका. फ्रुक्टन तेलात उतरत नाहीत, स्वाद उतरतो.

जुनं दुखणं: तुम्ही दोघं यादीवरून भांडताय, पण यादी हातात घेण्याआधीचं कोण बोलणार? गहू सोडण्याआधी सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी करा. गहू बंद असताना ती फसवी येऊ शकते. शौचातून रक्त, कारण नसताना उतरणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर आहार राहू द्या, आधी डॉक्टर गाठा. हे काही नसेल तरी जेवणाच्या वेळा पाळणं, चहा-कॉफी ३ कपांच्या आत ठेवणं, कोंड्याऐवजी इसबगोल घेणं, एवढ्यावर कित्येकांचं भागतं. कोंड्याने तर उलट फुगारा वाढतो. थेट फॉडमॅपवर उडी कशाला?

दुपारची झोप: तपासणी झालीय, वेळाही पाळून झाल्या. उपयोग शून्य, म्हणून तर यादी धरली. बरं, दुधाचं करून बघते, सुट्टीच्या दिवसांत. कांद्याला हात लावणार नाही.

रानवारा: चालेल. फक्त ते दूध कॉफीत घालू नका. कॉफीनेही पोट ढवळतं, आणि नाव दुधाचं होईल.