शेफील्डजवळ खालच्या लीगच्या आणि एफए कपच्या मॅच: मुलाला घेऊन कुठे जावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आम्ही तिघं नाशिकहून शेफील्डला आलो. नवऱ्याची दोन वर्षांची नोकरी आहे. मुलगा नऊ वर्षांचा, फुटबॉलचं प्रचंड वेड. विमानतळावर उतरल्यापासून "आई, मॅचला कधी जायचं?" हे एकच चालू आहे. मोठ्या क्लबांची तिकिटं पाहिली. आधी सभासद व्हा, मग नंबर लागतो का बघा, आणि लागला तरी तिघांचा प्रवासासकट खर्च आमच्या महिन्याच्या किराण्याला जाऊन भिडतो.

शेजारच्या आजोबांनी सांगितलं, "खालच्या लीगला जा, कपच्या सुरुवातीच्या फेऱ्या बघा, पोराला तिथेच खरी मजा येईल." पण म्हणजे नेमकं कुठे? मला स्वतःला ऑफसाइडच्या पलीकडे काही कळत नाही. लहान मुलाला घेऊन जाणं सुरक्षित आहे का? आम्ही शाकाहारी आहोत, तिथे खायला काय मिळतं? आणि त्या मॅचमध्ये मुलाच्या ओळखीचा एकही खेळाडू नसेल, तर तो हिरमुसेल का? कुणी नेमाने जात असेल तर सविस्तर सांगा.

मंगळवारपेठ

ताई, त्या आजोबांचं ऐका.

मी कोल्हापूरचा. इथे 14 वर्षं झाली. आधी शेफील्डला होतो, आता चेस्टरफील्डला. गेलेल्या प्रत्येक ग्राउंडची एका वहीत नोंद ठेवतो, तारीख आणि शेजारी कोण उभं होतं ते. आजवर 118 ग्राउंड झालीत, आणि त्यातली प्रीमियर लीगची फक्त सहा. म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही ज्या शहरात राहायला आलात त्याचं मोल आधी पोराला सांगा. शेफील्ड एफसी हा जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब, 1857 सालचा. तो अजून खेळतो. ग्राउंड शहराबाहेर ड्रॉनफील्डला आहे, पबच्या शेजारी. ट्रेनने गेलात तर बसल्या बसल्या उतरायची वेळ येते. आणि शहराच्या पश्चिमेला, क्रॉसपूलच्या चढावर, हॅलम क्लबचं सँडीगेट. तिथे 1860 पासून फुटबॉल चालू आहे. जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल ग्राउंड म्हणून त्याची नोंद आहे. त्याच वर्षी 26 डिसेंबरला हे दोन क्लब तिथे एकमेकांशी खेळले. आजही ते दोघं एकमेकांसमोर आले की गावात त्याची चर्चा होते. पहिली मॅच तिथेच बघा. मैदानाला उतार आहे, डोळ्यांना सरळ दिसतो. एका हाफमध्ये चढावर खेळायचं, दुसऱ्यात उतारावर. नाणेफेक जिंकलेला कॅप्टन काय मागतो, हे पोराला आधीच ओळखायला सांगा.

आता ही उतरंड कशी आहे ते. वरच्या चार लीगमध्ये मिळून 92 क्लब. त्याखाली नॅशनल लीग, त्याखाली तिच्या उत्तर-दक्षिण शाखा, आणि त्याही खाली विभागवार लीगच्या पायऱ्या, थेट गावच्या मैदानापर्यंत. जिंकलात की वर, हरलात की खाली. दार कुणालाच बंद नाही. आमचा चेस्टरफील्ड 2018 साली 92 मधून बाहेर पडला आणि 2024 ला परत आला. मधले सहा हंगाम मी तिकीट काढत राहिलो. माझ्या रांगेतली एकही खुर्ची रिकामी झाली नाही.

मी या नादाला कसा लागलो ते सांगतो, म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. पहिल्या वर्षीचा नोव्हेंबर. चार वाजता अंधार पडायचा. ऑफिसात बोलायला माणसं होती, पण शनिवार-रविवार खायला उठायचा. असाच एका शनिवारी बसमधून जाताना फ्लडलाइट दिसले म्हणून उतरलो. टर्नस्टाइलवरच्या, म्हणजे फिरत्या फाटकावरच्या, बाईंनी पैसे घेतले आणि विचारलं, "पहिल्यांदाच आलास का रे?" आत दोनशे माणसं असतील. कठड्याला टेकून उभा राहिलो, तर हाताच्या अंतरावरून विंगर पळत गेला. त्याचा श्वास ऐकू आला. गोलकीपर बचावपटूंना ओरडत होता, तो शब्दन् शब्द कळत होता. आणि माझ्या मागे एक म्हातारा सेंटर फॉरवर्डला त्याच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारून झापत होता. मला एकदम कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आठवलं. पाटाकडील विरुद्ध शिवाजी, आमच्या पेठांमधले दोन संघ, आणि आमच्या गल्लीतले काका कठड्यावरून खेळाडूला त्याच्या आईची शपथ घालतायत. डोळ्यांत पाणी आलं. ते खेळाडू दिवसा शिकवणारे, प्लंबिंग करणारे, गोदामात काम करणारे. आमच्याकडे तालमीचा खेळाडू सकाळी दुकानात दिसतो, तसंच. नाव ओळखीचं नसलं तरी हाफ टाइमपर्यंत पोराला चार जण माहीत झालेले असतात, आणि चौथ्या मॅचला ते पोराला ओळखतात.

एक फरक मात्र मनात भरला. खालच्या लीगमध्ये बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंचे समर्थक वेगळे बसवत नाहीत. आपला संघ ज्या गोलकडे चाल करतो त्या गोलमागे उभं राहायचं, आणि हाफ टाइमला सगळे टोक बदलतात. दोन्ही गट अर्ध्या वाटेत एकमेकांना ओलांडून जातात, टोमणे मारत, पण वाट सोडून. आमच्या पेठांमधली भांडणं लहानपणी बघितली आहेत, म्हणून मला ती दोन मिनिटं फार मोलाची वाटतात.

एफए कपचं असं. 1871-72 पासूनची ही बाद पद्धतीची स्पर्धा, हरलात की बाहेर, ऑगस्टमध्येच सुरू होते, जेव्हा टीव्हीवर तिचं नावही नसतं. 700 हून जास्त क्लब उतरतात. आधी पात्रता फेऱ्या. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचे क्लब नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीला येतात, आणि वरच्या दोन श्रेणींचे जानेवारीत, तिसऱ्या फेरीला. एका वर्षी मी ठरवलं की ऑगस्टमधल्या एका मॅचच्या विजेत्याच्या मागे जायचं. तो हरला की त्याला हरवणाऱ्याच्या मागे. सात फेऱ्या गेलो. एका ठिकाणी मैदानाच्या एका बाजूला शेत होतं, आणि बॉल गेला की दोन पोरं कुंपणावरून उड्या मारायची. शेवटी जानेवारीत बारा हजारांच्या गर्दीत बसलो होतो. ऑगस्टच्या त्या टर्नस्टाइलपासून तिथपर्यंत एकच दोरा आहे, तो मी हाताने धरून आलो होतो. तुमच्या पोराला हे करून बघू द्या. सगळ्या फेऱ्या जमल्या नाहीत तरी तीन करा.

आणि चेस्टरफील्डमध्ये कुणाही पन्नाशीच्या माणसाला 1997 विचारा. तिसऱ्या श्रेणीचा क्लब, एफए कपची उपांत्य मॅच, मँचेस्टर युनायटेडचं ग्राउंड ओल्ड ट्रॅफर्ड, समोर मिडल्सब्रो. 2-1 ने पुढे असताना शॉट बारला लागून रेषेच्या आत पडला आणि गोल दिला नाही. मॅच 3-3 सुटली, पुन्हा खेळवली त्यात हरले. माझ्या शेजारचे गृहस्थ तो बॉल कुठे पडला ते अजून बुटाच्या टाचेने फरशीवर दाखवतात.

सुरक्षिततेबद्दल: शिव्या कानावर पडतील, ते खरं सांगतो. बाकी लहान मुलं इथे अगदी मोकळी पळतात. शेफील्डला राहताय म्हणून एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. 15 एप्रिल 1989 ला इथल्या हिल्सबरो ग्राउंडवर एफए कपच्या उपांत्य मॅचला चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूलचे 97 समर्थक गेले. दोष त्यांचा नव्हता, हे न्यायपंचांनी 2016 साली स्पष्ट सांगितलं. त्यानंतर वरच्या दोन श्रेणींत उभं राहून बघण्याच्या जागा काढून सगळीकडे खुर्च्या आल्या. उभ्याने बघायची ती जुनी पद्धत खाली टिकली. ग्राउंडबाहेर स्मारक आहे. पोराला एकदा तिथे न्या.

खाणं: बोव्हरिल म्हणून गरम पेय सगळे पिताना दिसतील. तो गोमांसाचा अर्क असतो, घेऊ नका. यॉर्कशायरमध्ये चिप्ससुद्धा बऱ्याच ठिकाणी जनावराच्या चरबीत तळतात, विचारूनच घ्या. चीज-कांद्याचा पाय मिळतो, चहा सगळीकडे मिळतो. मी बायकोने केलेल्या दशम्या नेतो. कुणी काही म्हणत नाही, उलट मागून खातात.

सातारकर_लंडन

मंगळवारपेठ, दशम्या वाचून भूक लागली.

गोदाकाठ ताई, कधी दक्षिणेला आलात तर ल्यूईसला जा. ग्राउंडचं नाव द ड्रिपिंग पॅन. तीन बाजूंनी हिरवे उंचवटे, मागे टेकड्या, स्टेशनातून चालत पाच मिनिटं. क्लब समर्थकांच्या मालकीचा. 2017 साली त्यांनी पुरुष आणि महिला संघांवर सारखाच खर्च करायचं ठरवलं. मी माझ्या दोन मुलींना महिला संघाच्या मॅचला नेते. धाकटीने तिथे पहिल्यांदा विचारलं, "यांना याचे पैसे मिळतात?" हो म्हटल्यावर ती घरी येईपर्यंत गप्प होती, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या संघात नाव दिलं.

लंडनमध्येच डलिच हॅम्लेट आहे. गुलाबी आणि गडद निळा शर्ट, 1893 चा क्लब. तिथली गर्दी तरुण आहे, कुत्र्यांसकट येतात.

गोदाकाठ

किती मनापासून लिहिलंय दोघांनी! बोव्हरिलचं कळलं ते बरं झालं, मी पुढच्या आठवड्यात नक्की घेतलं असतं. पाऊस आला तर काय? आणि तिकीट आधी काढावं लागतं का?

मंगळवारपेठ

एवढ्या खालच्या लीगला दारावरच काढा. मोठ्यांना साधारण दहा पौंडांच्या आसपास, लहानांना नाममात्र. चौथ्या श्रेणीत गेलात तर वीसच्या पुढे. दुपारी तीनची वेळ धरा.

पाऊस मात्र इथला खरा मालक आहे. मैदानात पाणी साचलं तर रेफरी सकाळी येऊन बॉल टाकून बघतो, उसळला नाही की मॅच रद्द. निघण्याआधी क्लबचं पान बघायचंच. मी एकदा न बघता दोन तास प्रवास करून गेलो. फाटकावर चिठ्ठी होती. ग्राउंडची देखभाल करणारे आजोबा काट्याने मैदानाला भोकं पाडत होते, पुढच्या शनिवारची तयारी. त्यांनी मला आत बोलावून चहा दिला, आणि बिनपगारी 30 वर्षं हे गवत कसं जपलं ते सांगितलं. ती भेट वहीत आहे, मॅचच्याच पानावर.

बोल्टनकर

मंगळवारपेठांच्या "दार कुणालाच बंद नाही" याला जोडून थोडं. मी बरी (Bury) या गावाजवळ राहतो. तिथला बरी हा 1885 चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. 1903 चा अंतिम सामना त्यांनी डर्बीविरुद्ध 6-0 जिंकला. तोच क्लब पैशांच्या घोळात ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधून काढून टाकला गेला. गिग लेन या त्यांच्या ग्राउंडला कुलूप. माझा सहकारी तेव्हा शनिवारी दुपारी ग्राउंडभोवती नुसता चालून यायचा. समर्थकांनी आधी नवा क्लब काढला, मग 2023 साली सगळे एकत्र येऊन गिग लेनवर परतले, नवव्या श्रेणीत. नवव्या श्रेणीत तीन हजार माणसं येताना मी डोळ्यांनी पाहिली. वाचवलेली गोष्ट लोक किती जपून धरतात ते बघायचं असेल तर तिथे या.

आणि मराठी माणसाला जवळचं म्हणून: ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब 2010 पासून पुण्याच्या वेंकीज कंपनीकडे आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, जो 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तो सरावासाठी तिथे येऊन गेला.

मंगळवारपेठ

अनिकेतचं नाव काढलंत, छाती भरून आली.

एक खंत लिहितो. 2024-25 पासून एफए कपच्या पहिल्या फेरीपासून पुढे बरोबरी झाली तर मॅच पुन्हा खेळवत नाहीत, थेट जादा वेळ आणि पेनल्टी. त्या हंगामात पात्रता फेऱ्यांत मात्र ते चालू राहिलं. मोठ्या क्लबांना तारखा पुरत नाहीत म्हणे. पण एक्झिटर सिटी आठवा. जानेवारी 2005, पाचव्या श्रेणीत आणि कर्जात बुडालेला क्लब मँचेस्टर युनायटेडशी ओल्ड ट्रॅफर्डवर 0-0 खेळला. पुन्हा मॅच झाली, घरी 0-2 हरले, पण त्या दोन मॅचच्या पैशांनी कर्ज फिटलं आणि समर्थकांच्या हातातला क्लब जगला. ती दुसरी संध्याकाळ काढून घ्यायला नको होती. मला हे मनापासून पटत नाही.

गोदाकाठ

जाऊन आलो! शनिवारी, सँडीगेटला. वारा इतका की बोलता येत नव्हतं. लेकाने सांगितलं, "आई, तो कॅप्टन आधी चढावर खेळायला घेईल, म्हणजे दमल्यावर उतार मिळेल." तसंच झालं. हाफ टाइमला आम्ही सगळ्यांबरोबर चालत दुसऱ्या टोकाला गेलो. समोरून येणाऱ्या पाहुण्या संघाच्या एका आजींनी त्याला त्यांच्या मफलरीचं टोक धरायला दिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी आमच्याकडून." तो म्हणाला, "नाही, मी इथलाच आहे."

आम्हाला इथे येऊन अकरा आठवडे झालेत.

दुसऱ्या हाफमध्ये बॉल आमच्यासमोर कठड्यावरून आला. त्याने उचलून टाकला, लेफ्ट बॅकने झेलला आणि "थँक्स, मेट" म्हणाला. घरी येईपर्यंत दहा वेळा मला ते करून दाखवलं. पराठे मी नेले होते, दोन शेजारच्या माणसांनी खाल्ले.

त्याने आज वही मागितली आहे. पहिल्या पानावर तारीख घातली, आणि शेजारी कोण उभं होतं तिथे लिहिलंय: आई, बाबा, हिरव्या टोपीचे काका, आणि मफलरवाल्या आजी. मंगळवारपेठ, पुढच्या कपच्या फेरीला तुम्ही कुठे जाताय?

मंगळवारपेठ

ड्रॉनफील्डला. टर्नस्टाइलच्या डाव्या हाताला उभा असतो, निळी कानटोपी. पराठे आणा.